लांब खाचेचा मदरबोर्ड

२ ऑगस्ट

आजपासून सगळं लिहून ठेवणार. उद्या काही वाकडं निघालं तर कुणी म्हणायला नको, बी-युनला उगाच भास होतात.

सकाळी भरतकामाचं मोठं मशीन एका पोराच्या अर्ध्या नावावर थांबलं. सगळ्या सुया जागच्या जागी. ज्या जुन्या कॉम्प्युटरवर ते चालतं त्यातून जळका वास यायला लागला. माझ्या नवऱ्याने, किन-थोने, म्हणजे आमच्या म्हाताऱ्या माकडाने, झाकण काढलं, आत बोटं फिरवली आणि म्हणाला, "मदरबोर्ड गेला."

"न बघताच?"

"बघितलं की."

मी स्वतः वाकून पाहिलं. बोर्डावरच्या त्या बारक्या डब्या वाफवलेल्या पावांसारख्या टम्म फुगल्यात. एकीच्या डोक्यातून तपकिरी चिकट काहीतरी वर आलंय. म्हणजे म्हणाला ते खरं होतं. पण हा बघत होता भिंतीकडे, हेही मी पाहिलं.

वेळ तरी बघा. तीस तारखेला शाळा उघडणार. आख्ख्या शाळेच्या शर्टांवर नावं आणि क्रमांक भरायचे ते आम्हीच भरतो, इतकी वर्षं. यंदा ते झालं नाही तर काम पुढच्या चौकातल्या फाँगकडे जाईल, आणि फाँगकडे गेलेलं काम परत येत नाही. मग दुकानात बसून आम्ही काय, माश्या मारायच्या?

नवा कॉम्प्युटर आणता येत नाही. मशीन चालवणारं जे कार्ड आहे ते एका लांब काळ्या खाचेत बसतं, आणि तसली खाच आता कुणी ठेवत नाही. खाचेवाला जुना बोर्ड मिळाला तर दुकान राहील, नाहीतर गेलं.

४ ऑगस्ट

हा नदीपलीकडे तैपेईत, ग्वांगह्वाच्या कॉम्प्युटर बाजारात गेला होता. सकाळी गेला तो जेवणाची वेळ टळून गेल्यावर आला. हात हलवत.

आणि गेला कसा? बसने! स्कूटर दारात उभी. हा माणूस कोपऱ्यावरून सोयाचं दूध आणायलाही स्कूटर काढतो.

"स्कूटरला काय धाड भरली?"

"गर्दी असते गं तिकडे. लावायला जागा मिळत नाही."

इतकी वर्षं मिळत होती, ती आताच संपली होय? स्कूटर कुठे उभी होती ते ओळखीच्या कुणी पाहू नये, म्हणून बस. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

५ ऑगस्ट

आज बोर्ड आणला. मोठ्या ऐटीत खोकं टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "घे! तुझी शाळा वाचली."

कार्ड लावायला गेलो तर जाईना. याच्यावर सगळ्या आखूड पांढऱ्या खाचा. मी खोकं उलटं केलं. मागे ठळक छापलंय, जुनं कार्ड यावर चालणार नाही. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी मला वाचता आलं. हा म्हणतो, "दुकानदाराने फसवलं."

"तू वाचलं नाहीस?"

"वाचलं की. पण घाईत होतो."

घाईत! गेल्या वर्षी आमच्या कुकरच्या हमीपत्रातली चूक काढून याने कंपनीला फोन केला होता.

८ ऑगस्ट

दोन दिवस लिहायला काही नव्हतं. छोट्या हातमशीनवर मी बालवाडीचे रुमाल भरत होते. आज मात्र अंगावर काटा आला.

दुसरा बोर्ड आणला. याला लांब खाच होती, देवाची कृपा. आता जुन्या बोर्डावरचा प्रोसेसर काढायचा आणि नव्यावर बसवायचा, एवढंच काम. पोस्टाच्या तिकिटाएवढी ती चौकोनी चिप, खाली केसासारख्या पिना. एका कोपऱ्यात सोनेरी त्रिकोण असतो, तो बोर्डावरच्या त्रिकोणावर आला की ती आपसूक आत पडते. हे मला यानेच शिकवलंय, आमची पोरगी यी-छन पोटात होती तेव्हा. आणि आज यानेच ती उलटी धरली आणि अंगठ्याने दाबली. मी ओरडेपर्यंत कर्र आवाज झाला. पिनांची रांगच्या रांग आडवी, आणि ज्यात ती बसते तो सॉकेटही तडकला, म्हणजे हाही बोर्ड गेला.

"अरे, त्रिकोण बघ ना!"

"बघितला होता."

"मग?"

मी समोर उभी राहून बोलत होते आणि हा माझ्या खांद्यावरून मागच्या कॅलेंडरकडे बघत होता. हल्ली हे असंच चाललंय. डोळ्याला डोळा म्हणून देत नाही. मन साफ असलेल्या माणसाची नजर अशी चोरटी नसते.

९ ऑगस्ट

सापडलं. पुरावा सापडला!

कॉम्प्युटरमागची धूळ पुसत होते. प्रत्येकाच्या यंत्रावर असतं तसं आमच्याही डब्यावर मक्याच्या कुरकुरीत फुग्यांच्या खाऊचं पुडकं असतं. त्याचं नावच मुळी 'शहाण्यासारखा वाग'. ते ठेवलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं. बँकेत असतं, इस्पितळात असतं, यी-छनच्या कॉम्प्युटर चिपांच्या कारखान्यात तर म्हणे कपाटागणिक असतं. आणि ते हिरवंच लागतं, शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. हिरवा दिवा म्हणजे चालू. पिवळं ठेवलं की यंत्र कुरकुरणार, लाल ठेवलं की बंद.

आमच्या डब्यावर पिवळं होतं.

पिवळं! मी ते धरून खाली बसले. जुनं पुडकं बदलण्याचं काम याचं. जूनमध्ये यानेच बदललं, माझ्यासमोर हात जोडून ठेवलं, रंग काही मी तेव्हा बघितला नाही. म्हणजे जूनपासूनच याच्या मनात होतं. मशीन मरावं म्हणूनच केलं ना हे? मग चुकीचा बोर्ड. मग पिना. एकेक ओळीने लागतंय आता.

परवा फाँगचा माणूस येऊन गेला होता. "मालकीणबाई, मशीन भंगारात काढायचं असेल तर आधी आम्हाला सांगा हं," असं दात काढून म्हणाला होता. त्याला कुणी सांगितलं मशीन बंद आहे ते?

पुडकं होतं तिथेच ठेवून दिलं. मला कळलंय हे त्याला कळता कामा नये.

१० ऑगस्ट

यी-छनला फोन केला. सगळं सांगितलं. कार्टी आधी खो खो हसली.

"आई, बाबा मक्याच्या फुग्यांनी कट करतायत?"

"हस. तुझा बाप दुकान विकतोय."

"विकू दे ना मग! किती वर्षं झाली मी सांगतेय. सिंचूला या, माझ्याकडे एक खोली रिकामीच आहे. तुमच्या त्या खोल गल्लीत बसून काय डोंबल मिळतंय?"

"तुला बाबा काही बोलला का?"

"नाही. मागे फोनवर विचारत होते, आमच्या इथे डोक्याचे डॉक्टर चांगले की डोळ्यांचे. मी म्हटलं सगळेच चांगले."

म्हणजे हीसुद्धा त्यात आहे. घर बघून ठेवलंय, डॉक्टरही बघून ठेवलेत. आणि डोक्याचे डॉक्टर कुणासाठी? माझ्यासाठी! मला वेडी ठरवायची, की झालं यांचं काम सोपं.

१२ ऑगस्ट

आज त्याच्या मागोमाग गेले. टोपी घातली, तोंडाला मास्क लावला. एकाच बसमध्ये मागच्या बाकावर बसले. उतरताना तो माझ्याजवळून गेला, अगदी एका हाताच्या अंतरावरून, आणि त्याने ओळखलं नाही. मी मनात म्हटलं, वा रे नवरा! इतक्या वर्षांत बायकोची चाल ओळखता येत नाही, ध्यान दुसरीकडे असेल तर कशी येणार?

बाजारात सरळ वरच्या मजल्यावर गेला, जिथे जुने सुटे भाग विकतात. चालताना कठड्याला हात लावून लावून. एका गाळ्यापुढे थांबला. गाळ्यात एक बाई, चाळिशीची, केस पोरांसारखे कापलेले. त्याला बघून तिचा चेहरा असा खुलला! स्टूल दिलं, चहा दिला. मग तिने एक बोर्ड काढला, त्याच्यासमोर ठेवला आणि त्याचा हात धरला.

हो. हात धरला. त्याचं बोट धरून त्या बोर्डावरून सावकाश फिरवत होती आणि त्याच्या कानाशी लागून काहीतरी बोलत होती. आणि माकड हसत होतं. घरी तोंडाला कुलूप असतं ते तिथे दात दाखवत होतं.

आमच्या बोलीत बायकोला नावच 'हात धरलेली' असं आहे. मग ही कोण? मी खांबाआडून बघत होते आणि शेवटी तिथल्या पायरीवर बसले. रडले नाही. तिथे कुणासमोर रडायचं नव्हतं.

घरी आल्यावर म्हणाला, "नाही मिळाला गं आज."

मी म्हटलं, "मिळेल की. तू जात राहा."

१३ ऑगस्ट

आज त्याला दुकानात बसवलं, दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून निघाले आणि थेट त्या बाईपुढे जाऊन उभी राहिले. तिने मला कधी बघितलेलं नाही.

"मदरबोर्ड हवाय."

"बसा ना काकू. कुठला सॉकेट?"

मी पिशवीचा बंद सरळ केला.

"बरं, प्रोसेसर कुठला आहे? मेमरी कसली? कार्ड कुठलं लावायचंय?"

भांडायला आले होते आणि परीक्षेला बसल्यासारखी झाले. म्हटलं, "लांब काळी खाच हवी. भरतकामाचं कार्ड आहे."

ती टाळी वाजवून हसली. "काय योगायोग! आमच्याकडे एक काका येतात, त्यांनाही अगदी हाच हवाय. फार गोड माणूस. रोज येतात बिचारे, हात लावून लावून बघतात."

"कशाला हात लावून?" माझा आवाज चढला.

"बोर्डाला! मी त्यांना पाट्या वाचून दाखवते. मी म्हटलं, काका, घरच्या कुणाला तरी आणा बरोबर, एकट्याने हे जमायचं नाही. तर म्हणाले, बायकोला सांगायचं नाही, तिला कळलं तर सगळंच संपेल."

ऐका! बायकोला सांगायचं नाही! माझ्या तोंडावर सांगितलं तिने, लाज ना शरम. पाट्या वाचून दाखवते म्हणे. त्याला काय वाचता येत नाही? माझ्यापेक्षा दोन इयत्ता जास्त शिकलाय तो.

मी उठले. "मला तुमचा बोर्ड नको," म्हटलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. नाव ज्यानबाई आहे तिचं. गाळ्यावर लिहिलंय.

१५ ऑगस्ट

चंद्राच्या पंचांगातल्या सातव्या महिन्याच्या पूजेचं सामान आणलं. भटक्या आत्म्यांसाठी दारापुढे टेबल मांडतो ते. त्यात मी मुद्दाम दोन पुडकी घेतली, एक हिरवं, एक पिवळं. मनाशी ठरवलं होतं, आज याला रंगेहाथ पकडायचं. दोन्ही हातात आली की चेहरा पडेल, हात थरथरेल, मग मी सोडत नाही.

टेबल मांडून झालं. तो फळं लावत होता. मी दाराच्या चौकटीला टेकून अगदी सहज म्हटलं, "अरे, कॉम्प्युटरवरचं पुडकं बदलायला हवं. त्यातलं हिरवं दे बघू."

त्याने दोन्ही उचलली. चेहरा पडला नाही, हातही थरथरला नाही. एक पुडकं नाकाजवळ नेलं. मान अशी वाकडी केली, पक्षी दाण्याकडे बघतो तशी. मग दुसरं नेलं. कागदावरून अंगठा फिरवला. बाहेर लख्ख ऊन होतं. आणि मग छान हसून त्याने एक माझ्यापुढे धरलं.

"घे. हिरवं."

पिवळं होतं ते.

मी घेतलं. "हं," म्हटलं. आत जाऊन डब्यावर ठेवलं आणि तिथेच उभी राहिले. स्कूटर, खोकं, पिना, कॅलेंडर, बसमधलं ते, सगळं एकदम डोक्यात आलं. किती मूर्ख बाई आहे मी. सगळं लिहून ठेवलं आणि एक ओळ धड वाचली नाही.

बाहेर येऊन विचारलं, "कधीपासून?"

त्याने सफरचंद खाली ठेवलं. नाटक केलं नाही, त्याबद्दल त्याचे आभार. "नववर्षापासून. मधोमध गेलंय सगळं. कडेकडेचं दिसतं."

"आणि माझ्याशी बोलताना कॅलेंडरकडे काय बघत असतोस?"

"तुझ्याकडे सरळ बघितलं की तू पुसली जातेस," तो म्हणाला. "खांद्याच्या पलीकडे बघितलं की दिसतेस."

त्यावर मी रडले. दारात, पूजेच्या टेबलापुढे, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. मग चांगलं खडसावलं. पिना वाकेपर्यंत बोलला का नाही? तर म्हणतो, "बोललो असतो तर त्याच दिवशी दुकानाला कुलूप घातलं असतंस. पोरीने खोली तयारच ठेवलीय. म्हटलं आधी बोर्ड बसवू, मशीन चालू होऊ दे, मग सांगू. मशीन मला पाठ आहे गं. ते दिसायला लागत नाही."

१७ ऑगस्ट

इस्पितळ झालं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग बिघडलाय. डाव्या डोळ्यातलं गेलेलं परत येणार नाही. उजव्यात सुया देऊन आहे ते टिकवता येईल, बहुतेक. डॉक्टरीणबाई पोरीच्या वयाची, पण बोलली नीट. मी तिला तीन वेळा विचारलं, तुमचं यंत्र बरोबर आहे ना. तिने दाखवलं. त्यावर हिरवं पुडकं होतं.

१९ ऑगस्ट

दोघं बाजारात गेलो. ज्यानबाईने मला पाहिलं, मग त्याला पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवला. मी म्हटलं, "हो, तीच मी. त्या दिवशी जरा डोकं फिरलं होतं." ती म्हणाली, "काकू, मला वाटलं तुम्ही आयकरवाल्या आहात."

दोन बोर्ड काढले तिने.

पहिला जुना, पण फुगलेल्या डब्या काढून नव्या लावलेल्या. लांब खाच आहे. स्वस्त. "वर्ष-दोन वर्षं चालेल. पुढचं मी लिहून देत नाही," ज्यानबाई म्हणाली.

दुसरा नवाकोरा, कारखान्यांसाठी बनवतात तसला. त्यालाही लांब खाच आहे. आमच्या जुन्या प्रोसेसरच्या पिना सरळ केल्या तरी तो त्यावर बसणार नाही, तिथला वेगळा घ्यायचा. महाग. इतका, की मी आकडा दोनदा विचारला. "पण हा दहा वर्षं हलायचा नाही," ती म्हणाली.

याने दोन्हीवरून बोटं फिरवली. मग पहिल्यावर हात ठेवला. "हाच बरा."

"का?"

"मला पुरेल."

कसं म्हणाला ते! जसं बाजारात पालेभाजीची आख्खी जुडी नको, अर्धीच द्या म्हणावं. मला असा संताप आला की शेजारच्या गाळ्यातली पोरं वळून बघायला लागली.

"तुला पुरेल? बोर्ड तुझ्यासाठी घेतोय का आपण?"

"मग कुणासाठी? दहा वर्षं कोण चालवणार ते मशीन?"

"मी."

"तुला तर ओ की ठो कळत नाही."

"तू शिकवशील. रोज. दहा वर्षं. आणि शिकवल्याशिवाय मरायचं नाही, सांगून ठेवते."

त्याने पहिल्या बोर्डावरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला. मग मान जरा वळवून माझ्या खांद्यापलीकडे बघत बसला, बराच वेळ. ज्यानबाई उगाचच पेट्यांमध्ये काहीतरी शोधायला लागली.

"महागडा द्या," मी तिला म्हटलं.

२४ ऑगस्ट

मशीन चालू आहे. प्रोसेसर मी बसवला. त्रिकोणावर त्रिकोण. आपसूक आत पडला तेव्हा मी इतक्या जोराने ओरडले की समोरचा लाँड्रीवाला धावत आला. यी-छनला अजून सांगितलेलं नाही. परवा फोनवर म्हणत होती, "आई, तुम्ही दोघं काहीतरी लपवताय." म्हटलं, तुला भास होतात.

कळा मी दाबते, हा मागे स्टुलावर बसून हुकूम सोडतो. मास्तर म्हणून अगदी वाईट आहे. "ती नाही, तिच्या वरची," असं म्हणतो, मग वरची कुठली ते विचारलं की चिडतो.

संध्याकाळी पहिला गठ्ठा झाला. हा एकेक शर्ट मांडीवर घेऊन नावावरून अंगठा फिरवत होता. एका शर्टापाशी थांबला.

"यात चूक आहे."

"काय चूक?"

"मधल्या अक्षरात एक आडवी रेघ कमी आहे."

मी म्हटलं, झालं, आता उगाच ऐट मारतोय, माझी परीक्षा बघतोय. शर्ट ओढून घेतला, दिव्याखाली नेला, शाळेच्या यादीशी लावून पाहिला. एक रेघ कमी होती. मीच ती टाकायची विसरले होते. आणि त्या पोराच्या सगळ्या शर्टांवर नाव तसंच गेलंय.

मेला गालात हसत होता. मी कात्री घेतली आणि उसवायला बसले.